सर्वांत मोठ्या समूहाबाहेर : पॉल बॅरन यांच्या संपर्कजाळे-विचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

संपर्कव्यवस्थेच्या चिवटपणाचा विषय निघाला की एक आकृती हटकून पुढे येते. शेजारी शेजारी तीन जाळी काढलेली असतात. पहिल्यात सर्व रेषा एकाच मध्यबिंदूला मिळतात; दुसऱ्यात असे अनेक मध्यबिंदू परस्परांना जोडलेले असतात; तिसऱ्याला मध्य असा नसतोच, मासेमारीच्या जाळ्याप्रमाणे प्रत्येक गाठ आपल्या शेजारच्या गाठींना बांधलेली असते. केंद्रित, विकेंद्रित आणि वितरित अशी या तीन रचनांची नावे. संगणकशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांपासून समाजशास्त्राच्या चर्चासत्रांपर्यंत सर्वत्र फिरलेली ही आकृती पॉल बॅरन यांची. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशन या संस्थेने ऑगस्ट १९६४ मध्ये ‘ऑन डिस्ट्रिब्युटेड कम्युनिकेशन्स’ या नावाने त्यांची अकरा टिपणे प्रसिद्ध केली, त्यांतील पहिल्या टिपणात ती आढळते.

आकृतीला जेवढी कीर्ती लाभली तेवढे वाचक टिपणांना लाभलेले दिसत नाहीत. आकृतीवरून एक सोपा बोध काढला जातो : मध्य काढून टाकावा, धागे वाढवावेत, म्हणजे जाळे तुटणार नाही. बॅरन यांचे मूळ प्रतिपादन याहून बरेच सावध आहे. आणि त्यात एक व्याख्या अशी आहे की जिच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. जाळे ‘तगून राहिले’ असे केव्हा म्हणावयाचे, हे ती व्याख्या ठरविते. पूर, वादळ, भूकंप किंवा वीजपुरवठ्यातील मोठा बिघाड यांमुळे संपर्क सर्वदूर खंडित होतो, तेव्हा नागरी व्यवस्थेला ही व्याख्या कितपत उपयोगी पडते याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

टिपणांची पार्श्वभूमी आणि आशय

बॅरन १९५९ साली रँडमध्ये दाखल झाले. तो अण्वस्त्रस्पर्धेचा काळ होता. अमेरिकेचा दूरध्वनी तेव्हा मुख्यतः ए. टी. अँड टी. या एकाच कंपनीच्या उतरंडीच्या रचनेवर चालत असे. थोडी मोठी एक्स्चेंजेस नष्ट झाली तरी लष्करी आज्ञेची साखळी तुटेल, आणि साखळी तुटण्याच्या भीतीनेच एखादा पक्ष आधी हल्ला करण्याच्या मोहात पडेल, अशी ही चिंता होती. हल्ल्यानंतरही आज्ञा पोहोचू शकते एवढे दोन्ही पक्षांना ठाऊक असले तर उतावीळपणाचे कारण उरत नाही, ही बॅरन यांच्या विचाराची नैतिक बाजू. याच कारणाने बहुतेक टिपणे गुप्त न ठेवता खुली प्रसिद्ध झाली. प्रतिपक्षाची संपर्कव्यवस्थाही चिवट असावी, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. शीतयुद्धाच्या साहित्यात एवढी उदारता क्वचितच आढळते.

त्यांची मुख्य कल्पना अशी. भरवशाचे व महागडे भाग वापरून भक्कम व्यवस्था उभारण्याऐवजी स्वस्त व बेभरवशाचे भाग पुष्कळ घ्यावेत आणि त्यांची जोडणी अशी करावी की अनेक भाग निकामी झाले तरी उरलेले एकमेकांपर्यंत पोहोचावेत. संदेशाचे ठरावीक लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याने आपला मार्ग त्या त्या क्षणी शोधावा. प्रत्येक स्थानकाने शेजाऱ्यांकडून येणाऱ्या संदेशांना किती वेळ लागला यावरून कोणती वाट मोकळी आहे हे शिकत राहावे, आणि हाती आलेला तुकडा गरम बटाट्याप्रमाणे तत्काळ पुढे टाकावा. हा गरम बटाटा बॅरन यांचाच. धागे किती हवेत याचेही गणित त्यांनी मांडले. जाळे जेमतेम जोडले जाण्यास जेवढे धागे लागतात त्यांच्या तिप्पट-चौपट धागे असले की पुढे वाढविण्याने फारसे काही साधत नाही. एवढ्यातच सैद्धांतिक कमाल मर्यादेच्या जवळ पोहोचता येते. संगणकावर हल्ल्यांची अनुरूपणे करून काढलेला हा निष्कर्ष टिपणांतील सर्वांत सुंदर भाग होय. चिवटपणाला अमर्याद खर्च लागत नाही, हे त्यातून प्रथमच आकड्यांत दिसले.

योजना प्रत्यक्षात आली नाही. ए. टी. अँड टी. च्या अभियंत्यांना ती पटली नाही. पुढे ती ज्या सरकारी यंत्रणेकडे सोपविली जाणार होती तिच्या कुवतीविषयी खुद्द बॅरन यांनाच शंका होती, म्हणून काम हाती घेऊ नये असा सल्ला त्यांनीच दिला. इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे तीच कल्पना मांडली. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा. १९६९ साली चार केंद्रांनिशी सुरू झालेल्या आर्पानेटचा हेतू दूरदूरच्या संगणकांचा सामायिक वापर हा होता. इंटरनेट अणुयुद्धात टिकावे म्हणून निर्माण झाले ही आख्यायिका त्यामुळे खरी नाही, जरी ती पाठ्यपुस्तकांतूनही अधूनमधून डोके वर काढते.

कालांतराने मिळालेला पुरावा

बॅरन यांचे गणित किती खरे ठरले याचे उत्तर गेल्या पाव शतकातील मोठ्या संकटांनी दिले आहे, आणि ते सुरुवातीला तरी त्यांच्या बाजूचे आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने इंटरनेटच्या त्या दिवसांतील वर्तनाचा अभ्यास करून २००३ साली अहवाल प्रसिद्ध केला. एकंदर इंटरनेटला त्या आघाताची झळ अल्पच लागली, असे त्यात नोंदले आहे. ११ मार्च २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर आवाजी कॉलची एवढी गर्दी झाली की मोबाइल कंपन्यांनी त्यांवर ९५ टक्क्यांपर्यंत निर्बंध घातले. पॅकेटांच्या रूपाने जाणाऱ्या संदेशांवरील निर्बंध मात्र ३० टक्क्यांच्या वर गेला नाही, आणि काही कंपन्यांनी तो घातलाच नाही. संदेशाचे तुकडे करून मिळेल त्या वाटेने पाठविण्याची पद्धत गर्दीतही तग धरते, हे यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण आहे.

तथापि त्याच २००३ च्या अहवालात एक किरकोळ भासणारी नोंद आहे. न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात डॉक्टर हातातल्या लहान संगणकांवर रुग्णांची माहिती पाहत असत. ही उपकरणे बिनतारी होती, रुग्णालय सुरक्षित होते; परंतु माहितीची वाट बाहेरच्या इंटरनेट-जोडणीतून जात होती आणि ती जोडणी तुटली. एकाच इमारतीतील दोन व्यक्तींमधील दुवा इमारतीबाहेरून जात होता, याची जाणीव तो तुटेपर्यंत कोणाला नव्हती. जाळ्याच्या एकूण आरोग्याच्या आकड्यात या रुग्णालयाला स्थान नाही. एकूण इंटरनेट त्या दिवशी ठीक होते आणि रुग्णालय तुटलेले होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, आणि बॅरन यांच्या विचाराची चिकित्सा करावयाची तर ती येथूनच सुरू करावी लागते.

स्वतंत्र गाठींचे गृहीतक

बॅरन यांच्या अनुरूपणात प्रत्येक स्थानक आणि प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे नष्ट होतो. एकाच्या नाशाचा दुसऱ्याच्या नाशाशी संबंध नसतो. कागदावरील गाठींसाठी हे रास्त आहे. जमिनीवर मात्र धाग्यांनाही पत्ता असतो. १८ जुलै २००१ रोजी बाल्टिमोर शहरातील हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात मालगाडी रुळांवरून घसरून आग लागली, तेव्हा परस्परांच्या स्पर्धक असलेल्या अनेक कंपन्यांच्या ऑप्टिकल फायबर केबल एकाच बोगद्यातून गेल्याचे उघड झाले. ग्राहकाने दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या तरी माती खणल्यावर त्या एकच निघाव्यात, असा तो प्रकार होता. २६ डिसेंबर २००६ रोजी तैवानच्या दक्षिणेस झालेल्या भूकंपाने लुझोन सामुद्रधुनीतील अनेक केबल एकाच वेळी तोडल्या. दुरुस्तीस ११ जहाजे आणि ४९ दिवस लागले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटताच मुंबई आणि चेन्नई येथे उतरणाऱ्या भारताच्या परदेशी जोडणीचा मोठा हिस्सा अडला. नकाशावर या केबल वेगवेगळ्या रंगांनी दाखविलेल्या असतात. समुद्रतळाच्या अरुंद वाटेत ते रंग एकत्र येतात, आणि नकाशा काढणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नसते.

याहून मोठा सामायिक पत्ता विजेचा. जपानमध्ये २०११ साली सुमारे २९,००० मोबाइल केंद्रे बंद पडली. त्यांतील पुष्कळशी भूकंपाने पडली नव्हती किंवा लाटेने वाहून गेली नव्हती. त्यांच्या बॅटऱ्या संपल्या. बंद केंद्रांची संख्या भूकंपाच्या क्षणी नव्हे तर त्यानंतर एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचली, हा तपशील बोलका आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला; उपनगरांतील वीज बंद पडली आणि तिच्यामागोमाग मोबाइलही मुके होत गेले. २८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन व पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील वीज एकदम गेली. ना पाऊस, ना वादळ, एकही तार तुटलेली नाही. तरीही बॅटऱ्या उतरत गेल्या तशी मोबाइल सेवा संध्याकाळपर्यंत भागाभागाने मावळत गेली. बॅरन यांच्या आकृतीखाली, न काढलेले असे दुसरे एक जाळे असते. ते विजेचे, आणि त्याला मध्य असतो.

बॅटरी किती तासांची असावी हा वरकरणी अभियांत्रिकीचा प्रश्न वाटतो. २००५ च्या कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००७ साली मोबाइल केंद्रांना ८ तासांची आणि मुख्य एक्स्चेंजेसना २४ तासांची पर्यायी वीज सक्तीची केली. मोबाइल कंपन्यांची संघटना न्यायालयात गेली, सरकारच्याच अर्थविषयक कार्यालयाने २००८ साली नियमाला संमती नाकारली, आणि नियम अमलात न येताच संपला. २०१९ साली कॅलिफोर्नियात वणव्याच्या भीतीने वीज मुद्दाम बंद ठेवण्याचे प्रसंग आले. त्यानंतर २०२० साली तेथील नियामकाने धोक्याच्या क्षेत्रांत ७२ तासांची अट घातली. आठ तासांपासून बहात्तर तासांपर्यंतचे हे अंतर कोणत्याही समीकरणातून निघत नाही. खर्च कोणी सोसावयाचा याच्या वादातून ते निघते. बॅरन यांच्यासमोर हा प्रश्न नव्हता, कारण त्यांचा ग्राहक एकच होता आणि तो हवाईदल होता.

तिसरा सामायिक पत्ता आज्ञावलीचा. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या कंपनीच्या मध्यवर्ती जाळ्यात देखभालीचा बदल करताना मार्गांची माहिती गाळणारी एक चाळणी काढली गेली. माहितीचा लोंढा राऊटरांवर कोसळला आणि १ कोटी २० लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा गेली. दुकानांतील कार्डाने पैसे देण्याची व्यवस्था थांबली, अनेकांचे आणीबाणीचे कॉल लागेनात. जाळे दुरुस्त करण्यासाठी लागणारी नियंत्रणाची वाटही त्याच जाळ्यातून जात असल्याने अभियंत्यांना दोष शोधण्यासच कित्येक तास लागले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकच्या सेवा जगभर सुमारे सहा तास बंद राहिल्या, तेव्हाही प्रकार याच जातीचा होता. बॅरन यांच्या रचनेत सर्व स्थानके सारखी असणे हा गुण आहे, कारण एकाची जागा दुसरा घेऊ शकतो. येथे सारखेपणाच नडला. एकाला झालेली चूक त्याच क्षणी सर्वांना झाली. कॅनडातील कंपन्यांनी नंतर संकटात एकमेकांच्या ग्राहकांना आपले जाळे वापरू देण्याचा करार केला.

टाकून दिलेली पहिली योजना

या ठिकाणी बॅरन यांच्याच कामातील एका विस्मृत टप्प्याकडे वळणे आवश्यक आहे. वितरित जाळ्याच्या आधी त्यांनी अगदी साधी योजना सुचविली होती. देशभर विखुरलेली मध्यम लहरींची रेडिओ प्रक्षेपण केंद्रे आहेत. हल्ल्यानंतर त्यांतील जी उरतील त्यांनी एकमेकांचे प्रक्षेपण ऐकून त्रोटक आज्ञा पुढे पुढे पोहोचवाव्यात. बहुतेक केंद्रे महत्त्वाच्या लक्ष्यांपासून दूर असल्याने ती टिकण्याचा संभव मोठा. लष्कराला ही योजना अपुरी वाटली. आज्ञांबरोबर अनेक अधिकाऱ्यांचे संभाषण आणि माहितीची मोठी वाहतूकही हवी, असे त्यांचे म्हणणे पडले. त्या मागणीतून डिजिटल वितरित जाळे जन्मास आले आणि पहिली योजना मागे पडली. टीकाकारांनी तिच्याकडे केवळ पूर्वतयारी म्हणून पाहिले आहे.

नागरी आपत्तीच्या दृष्टीने पाहता ही टाकून दिलेली योजनाच अधिक विचारणीय ठरते. तिचे बळ धाग्यांच्या संख्येत नाही. ती मुळात वेगळ्या जातीच्या साधनांवर उभी आहे. २०२५ च्या त्या दुपारी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये लोक कशाभोवती जमले? सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरभोवती. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओचा एक गट वेगळ्याच हेतूने, जगभरच्या हौशी रेडिओचालकांशी संपर्क साधण्याच्या उपक्रमासाठी, पोर्ट ब्लेअरमध्ये होता. अंदमानात हौशी रेडिओला अनेक वर्षांनंतर मिळालेली ती परवानगी. उपक्रम थांबवून त्या गटाने बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोहोचविण्याचे काम हाती घेतले. कोणत्याही सरकारी आराखड्यात ही स्थानके गाठी म्हणून नोंदलेली नव्हती. राखीव धागा म्हणून त्यांना कोणी जपलेले नव्हते. आधी परवानगीच नव्हती. दुसऱ्याच कारणासाठी जिवंत असलेले साधन संकटात उपयोगी पडले, आणि योगायोगाचा भाग वगळला तरी त्यात शिकण्यासारखे पुष्कळ उरते.

भारतातील धोरण या बाबतीत दोन मनांचे दिसते. एकीकडे मध्यम लहरींची अनेक जुनी प्रक्षेपण केंद्रे कालबाह्य म्हणून बंद करण्यात आली. दुसरीकडे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ साली मोबाइल उत्पादकांना फोनमधील एफ. एम. रेडिओची सोय निकामी करू नये असे सुचविले, आणि त्यासाठी आपत्तीचेच कारण दिले. त्याच वर्षी मोबाइलवर एकाच वेळी इशारा पाठविण्याच्या यंत्रणेच्या चाचण्या देशभर झाल्या. ज्यांचे फोन त्या दिवशी एकाएकी कर्कश वाजले त्यांना ते स्मरत असेल. ही यंत्रणा उपयुक्त आहे. ती ज्या टॉवरवरून बोलते तो टॉवर मात्र जिवंत असावा लागतो.

तगून राहण्याची व्याख्या

आता मूळ व्याख्येकडे. हल्ल्यानंतर जी स्थानके शाबूत राहतात, त्यांतील जी परस्परांशी जोडलेल्या सर्वांत मोठ्या समूहात असतात, त्यांचे एकूण स्थानकांशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे जाळ्याची तगण्याची शक्ती, असे बॅरन यांनी ठरविले. उरलेली व्यवस्था एकसंधपणे काम करू शकेल काय याचे हे काटेकोर माप आहे, असे त्यांचे समर्थन. ज्या कामासाठी ते ठरविले त्या कामासाठी ते योग्यच आहे. प्रत्युत्तराची आज्ञा पुरेशा ठिकाणी पोहोचली की काम झाले. शाबूत राहूनही समूहाबाहेर पडलेली स्थानके सेनापतीच्या हिशोबात नष्ट झालेल्या स्थानकांच्याच रकान्यात जातात.

नागरी आपत्तीत हिशोब नेमका उलटा असतो. जे समूहात आहेत त्यांना मदत मागता येते. ज्यांना मागता येत नाही ते समूहाबाहेर असतात, आणि बहुधा तेच सर्वांत अधिक सापडलेले असतात. शाबूत पण तुटलेले स्थानक आणि नष्ट झालेले स्थानक यांत सेनापतीला फरक करावा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्याला तोच फरक करावयाचा असतो. तरीही आपत्तीनंतरची संपर्कविषयक आकडेवारी सामान्यतः बॅरन यांच्या मापाचीच नातलग असते : अमुक टक्के टॉवर सुरू झाले, अमुक टक्के ग्राहकांची सेवा पूर्ववत झाली. २०१७ साली मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोतील ९५ टक्के मोबाइल केंद्रे बंद असल्याचा आकडा जगभर छापला गेला. अमेरिकी कमिशनने त्यासोबत परगणानिहाय तक्ताही रोज दिला होता, आणि मदतकार्याच्या दृष्टीने मोल त्या तक्त्याचे होते. मथळा मात्र एकूण टक्केवारीचा झाला. एकूण टक्केवारी सुधारते ती आधी शहरांमुळे, कारण तेथे टॉवर दाट असतात, रस्ते मोकळे असतात आणि डिझेल पोहोचते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन, म्हसळा, दापोली या पट्ट्यातील कित्येक गावांत वीज आठवडे आठवडे आली नाही. टॉवर उभे असूनही मुके राहिले. राज्याच्या एकूण आकडेवारीत ही गावे दशांश चिन्हाच्या उजवीकडे जातात. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या दिवशी महाड शहर पुराच्या पाण्यात होते, रस्ते तुटले होते, संपर्क खंडित होता. बचावपथके पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. महाडचा पूर दूरचित्रवाणीवर दिसत होता. तळिये दिसत नव्हते.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१२ साली माहिती व संपर्क यंत्रणेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीवरील नियंत्रण कक्ष, त्यांना जोडणारी उपग्रह व भूस्थित जाळी, आणि त्यापुढे ‘शेवटच्या मैला’ची जोडणी, अशी त्यातील मांडणी आहे. दस्तऐवज परिश्रमपूर्वक केलेला आहे. परंतु मैल शेवटचा ठरतो तो मोजणी दिल्लीहून सुरू केल्यामुळे. गावाच्या बाजूने तो पहिला मैल आहे, आणि आपत्तीची वार्ता त्याच दिशेने यावयाची असते. इशारा खाली नेण्यासाठी आखलेली वाट हाक वर आणण्यासाठी तेवढीच चांगली असेल, हे गृहीतक तपासून पाहिल्याचे दिसत नाही.

राऊटर ही गोष्ट माणसांपेक्षा चांगली जाणतात. जाळ्यातील शेजारी राऊटर ठरावीक अंतराने एकमेकांना एक लहानसा संदेश पाठवितात, ज्यात ‘मी आहे’ याखेरीज फारसे काही नसते. प्रचलित पद्धतीत हे अंतर बहुधा १० सेकंदांचे असते. ४० सेकंद काही ऐकू आले नाही तर शेजारी गेला असे समजून वाटा बदलल्या जातात. येथे मौनाची नोंद होते, आणि ती शेजारी करतो. गेलेल्याने स्वतः काही कळवावे अशी अपेक्षाच नसते. बॅरन यांच्या स्थानकांनाही शेजाऱ्याची खबर सततच्या वाहतुकीवरूनच कळत असे. म्हणजे त्यांच्या यंत्रात ही दक्षता होती. त्यांच्या मापात ती उतरली नाही, कारण मापाला तुटलेल्यांशी कर्तव्य नव्हते.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गावातून कोणाची हाक आली नाही. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही. त्याने ती वार्ता प्रशासनापर्यंत पोहोचविली आणि मग यंत्रणा हलली. या घटनेचा उल्लेख बहुधा चालकाच्या प्रसंगावधानासाठी होतो, आणि तो रास्त आहे. संपर्कशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. एस. टी. ला वेळापत्रक होते. गावाने काही कळविले नसते तरी ठरलेल्या वेळी कोणीतरी तेथे जाणार होते, आणि गाव आहे की नाही हे पाहणार होते. संपर्काच्या कोणत्याही आराखड्यात हा धागा काढलेला नव्हता.

असे आणखी धागे महाराष्ट्राच्या प्रशासनात आहेत. पावसाळ्यात महसूल मंडळनिहाय पर्जन्याची नोंद रोज वर जाते. आज तिचा मोठा भाग स्वयंचलित केंद्रांकडून येतो. ती नोंद पावसासाठी ठेवली जाते, शेतीसाठी आणि पीकविम्यासाठी वापरली जाते, आणि संपर्कव्यवस्थेच्या चर्चेत तिचा उल्लेख होत नाही. मात्र अतिवृष्टीच्या रात्री एखाद्या मंडळासमोरचा रकाना रिकामा राहिला, तर तो ‘आकडा अप्राप्त’ म्हणून सकाळपर्यंत तसाच ठेवावयाचा, की त्याच घटकेला शेजारच्या मंडळातून कोणाला तरी त्या दिशेने पाठवावयाचे, हे ठरविण्यासाठी नवा टॉवर लागत नाही. तालुक्याच्या नियंत्रण कक्षात तो तक्ता त्या रात्री कोणाच्या तरी समोर उघडा असावा लागतो.